कुरणातील शाळा

जव्हारजवळचा शिरपामाळ शिवछत्रपतींच्या मुक्कामाच्या स्मृतीने प्रसिद्ध आहे. त्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, कोसबादची टेकडी आहे. तिला कीर्ती लाभली ती ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. महाविद्यालयात जाणाऱ्या स्त्रिया विरळाच, अशा त्या काळी, १९१४ साली, त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. परंतु ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. मूल स्वतःच्या हातांनी काम करून शिकते, हे इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे तत्त्व तेथे आचरणात येत होते. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

माँटेसरींची साधने मात्र महाग होती. गरिबांच्या मुलांनी ती कोठून आणावीत? १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी जन्मभराची सहकारी लाभली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच त्यांनी साधने केली. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. मुलांना न्हाऊ घालावे, त्यांची नखे कापावीत, मग खेळ आणि गाणी. ही झाली अंगणवाडी. त्या भागात चिकूच्या बागेलाही वाडीच म्हणतात. तेव्हा हे नाव किती समर्पक आहे पाहा!

१९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. येथे अडचण निराळी होती. वारली मुले आळशी नव्हती. उलट त्यांना सवडच नव्हती. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरे राखी. ती शाळेत बसली, तर घरचे काम कोण करणार? या मुलांना दोष देऊन भागणार नाही, हे ताराबाईंनी ओळखले. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभारली. मुलीने कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. गुराख्यांसाठी तर शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरे चरत असत आणि मुले झाडाखाली अक्षरे गिरवीत, बियांनी बेरीज करीत. हीच कुरणशाळा.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांच्या आहाराची, आरोग्याची व शिक्षणाची योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही सहा वर्षांखालील मुले अंगणवाडीत खेळतात आणि पोटभर जेवतात. काही ठिकाणी मागे परसबागही असते. तेथली भाजी मुलांच्याच ताटात येते.