एडवर्ड हार्टली अँगल
एडवर्ड हार्टली अँगल (१ जून, १८५५ – ११ ऑगस्ट, १९३०) हे अमेरिकन दंतवैद्य होते. वेडेवाकडे दात योग्य जागी आणण्याच्या शास्त्राला, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिक्सला, स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाते.

जीवन

अँगल यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १८७८ साली ते दंतवैद्यकाचे पदवीधर झाले. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी काही काळ व्यवसाय सोडून माँटानात मेंढपालन केले. मात्र कडक हिवाळ्यात मेंढ्या दगावल्याने ते पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले. १९०० साली त्यांनी सेंट लुईस येथे केवळ ऑर्थोडॉन्टिक्स शिकवणारी शाळा काढली.

वर्गीकरण

१८९९ साली त्यांनी वरच्या व खालच्या पहिल्या कायमच्या दाढांच्या परस्परसंबंधावरून सदोष दंतजुळणीचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात दाढांची जुळणी योग्य असते, पण इतर दात वाकडे असतात. दुसऱ्या वर्गात खालची दाढ मागे, तर तिसऱ्यात पुढे असते. हे वर्गीकरण आजही वापरात आहे.

तारेची उपकरणे

वाकवलेली तार मूळ आकारात परतू पाहते आणि दातावर स्प्रिंगप्रमाणे मंद, सतत दाब देते. अँगल यांची उपकरणे याच स्थितिस्थापकत्वावर आधारलेली होती. त्यांच्या ‘ई-आर्च’ या उपकरणात दात बाहेरील जाड तारेला बांधून ओढले जात. त्यामुळे दात कलत, पण मुळे जागची हलत नसत. ‘पिन अँड ट्यूब’ उपकरणाने मुळे हलवता येऊ लागली. तथापि तारेवरील पिना वारंवार नव्याने झाळाव्या लागत. पुढे ‘रिबन आर्च’मध्ये चपटी तार उभ्या खाचेत बसवली गेली. १९२५ साली मांडलेल्या ‘एजवाइज’ उपकरणात खाच आडवी करून चौकोनी तार कडेवर बसवली. या खाचेचे माप ०.०२२ × ०.०२८ इंच होते. तारेला पीळ दिल्यास तो दाताच्या मुळापर्यंत पोहोचत असे. आजच्या बहुतेक ब्रॅकेटची रचना यावरूनच विकसित झाली आहे.

दात काढण्याचा वाद

सर्व दात राखूनच उत्तम जुळणी साधते, असा अँगल यांचा आग्रह होता. जागेसाठी दात काढण्यास त्यांचा विरोध होता. कॅल्विन केस यांनी काही रुग्णांत दात काढणे आवश्यक असल्याचे मत मांडले. १९११ साली अँगल यांच्या पक्षाने त्यावर जाहीर वाद घातला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकेत अँगल यांचेच मत प्रभावी राहिले.

अँगल यांच्या निधनानंतर हे मत त्यांच्याच शिष्यांनी बदलले. चार्ल्स ट्वीड यांनी सरळ केलेले दात काही रुग्णांत पुन्हा वाकडे झाल्याचे पाहून एजवाइज पद्धतीतच दात काढून उपचार केले. ऑस्ट्रेलियातील रेमंड बेग यांनी रिबन आर्चचे ब्रॅकेट उलटे लावून बारीक गोल पोलादी तार व कललेली मुळे सरळ करणाऱ्या छोट्या स्प्रिंगा वापरल्या. अशा रीतीने अँगल यांचा आग्रह मागे पडला, पण त्यांची उपकरणे टिकून राहिली.