रुडॉल्फ फिर्खो

रुडॉल्फ लुडविग कार्ल फिर्खो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन विकृतिविज्ञ, मानवशास्त्रज्ञ व राजकारणी होते. नीलेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसापर्यंत जाते व तेथील रोहिणी बंद करते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

जीवन

त्यांचा जन्म प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शिव्हेलबाइन येथे झाला; हे गाव आता पोलंडमध्ये आहे. १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते शारिते रुग्णालयात रुजू झाले. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीच्या पाहणीसाठी शासनाने त्यांना पाठविले. साथीचे मूळ दारिद्र्य, अज्ञान व कुशासन यांत आहे, असा निष्कर्ष त्यांनी अहवालात मांडला. त्याच वर्षी त्यांनी बर्लिनमधील क्रांतीत भाग घेतला. सरकारची मर्जी गेल्याने १८४९ मध्ये ते व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात गेले आणि १८५६ मध्ये बर्लिनला परतले. रोगाचे अधिष्ठान पेशीत असते, हा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशियाच्या संसदेत ते बिस्मार्क यांचे कडवे विरोधक होते. बर्लिनच्या भुयारी गटारांसाठीही त्यांनी पाठपुरावा केला.

रक्ताच्या गुठळीविषयी संशोधन

त्या काळी फ्रेंच विकृतिविज्ञ झां क्रुव्हेये यांच्या मताचा पगडा होता. बहुतेक रोगांच्या मुळाशी नीलांचा दाह असतो, असे ते मानीत. फुप्फुसाच्या रोहिणीत आढळणारी गुठळी तेथेच तयार होते, असा समज होता. तरुण फिर्खो यांना तो पटला नाही, कारण अशा शवांच्या नीलांतही गुठळ्या सापडत. त्यांनी कुत्र्यांच्या मानेतील नीलेत गुठळ्या व रबराचे तुकडे सोडले. पुढे ते फुप्फुसाच्या रोहिणीत मिळाले. रबर शरीरात तयार होत नाही, तेव्हा ते वाहतच तेथे पोहोचले याविषयी शंकेस जागा उरली नाही. थ्रॉम्बोसिस व एम्बोलिझम या संज्ञा त्यांच्यामुळेच रूढ झाल्या. मंदावलेला प्रवाह, नीलेच्या भित्तीस इजा आणि रक्ताची साकळण्याची वाढलेली प्रवृत्ती या तीन कारणांना फिर्खोची त्रयी म्हणतात. हे नाव मात्र त्यांच्या मृत्यूनंतरचे आहे.

त्यांचे सर्वच निर्णय बरोबर ठरले नाहीत. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनी संशयानेच पाहिला, आणि निअँडरथल मानवाचे अवशेष त्यांना रोगग्रस्त माणसाचे वाटले.

मृत्यू

जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्रामगाडीतून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत व हृदयक्रिया बंद पडून बर्लिन येथे निधन पावले.

पुढील उपचार

गुठळी प्रवास करते हे कळल्यावर तिला वाटेत अडविण्याचा विचार शक्य झाला. प्रारंभी शल्यविशारद नीलाच बांधून टाकीत. त्यामुळे पायांना सूज येई. १९७३ मध्ये अमेरिकेतील लाझार ग्रीनफिल्ड यांनी अधोमहानीलेत बसविण्याची, तारांची शंकूसारखी गाळणी मांडली. ती गुठळी धरते, पण रक्त वाहू देते. रक्त पातळ करणारी औषधे देता येत नाहीत अशा रुग्णांसाठी आता गरज संपताच काढून घेता येणाऱ्या गाळण्याही वापरतात. वेळेवर न काढलेली गाळणी स्वतःच गुठळीचे कारण होऊ शकते, किंवा तिची तार मोडून हृदयाकडे सरकू शकते. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये ती शक्य तितक्या लवकर काढण्याची सूचना डॉक्टरांना दिली.