बेअर ब्रायंट: टीम घडवणारा कोच कुठे कमी पडला?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलची टीम सतत नव्याने बांधावी लागते, कारण खेळाडू शिकून बाहेर पडतात. पॉल 'बेअर' ब्रायंट (१९१३-१९८३) यात तरबेज होते. १९५४ मध्ये टेक्सासात त्यांनी भर उन्हात १० दिवसांचं शिबिर घेतलं. निम्म्याहून जास्त खेळाडू सोडून गेले. त्या मोसमात टीम १० पैकी ९ सामने हरली. १९५६ मध्ये मात्र अपराजित राहिली.

१९५८ मध्ये ते अलाबामात आले. तिथे त्यांची टीम फक्त गोऱ्यांची होती. विल्बर जॅक्सन या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती मिळेपर्यंत जवळपास १२ वर्षं गेली. १९७१ पासून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले आणि पुढे आणखी ३ राष्ट्रीय विजेतेपदं आली. ३२३ विजय मिळवणाऱ्या कोचनेही किती गुणी मुलं गमावली असतील?