दोन देशांचा मोन्ती

जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना खेळण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. तो सामना दोनदा, आणि तोही दोन निरनिराळ्या देशांच्या वतीने, खेळलेला खेळाडू आजवर एकच झाला. लुइस मोन्ती हे त्याचे नाव.

१९०१ साली ब्यूनोस आयरिस शहरात त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे इटलीतले. पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून आर्जेन्टिनात कायमची वस्ती केलेल्या असंख्य कुटुंबांपैकी एक. हुराकान संघातून पुढे आलेला मोन्ती १९२२ मध्ये सान लोरेन्सो संघात गेला आणि तेथे त्याने तीन अजिंक्यपदे पाहिली. सेंटर हाफ ही त्याची जागा. अंगाने दणकट, टक्कर देण्यात निष्ठुर. पण हिसकावून घेतलेला चेंडू लांबवर नेमका पोचविण्याचे कसबही त्याच्यापाशी होते. मैदानाचा एवढा मोठा पट्टा तो एकटा सांभाळी, की ‘दुप्पट रुंद’ असेच त्याचे नाव पडले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या आर्जेन्टिनाच्या संघात तो होता.

१९३० मध्ये पहिली जागतिक स्पर्धा उरुग्वेत भरली. त्या स्पर्धेतील आर्जेन्टिनाचा पहिला गोल मोन्तीनेच फ्रान्सवर चढविला. परंतु ३० जुलै रोजी मोन्तेविदेओ येथे यजमानांशी अंतिम सामना व्हायचा, त्याआधी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या दिवशी मैदानावर दिसला तो नेहमीचा मोन्ती नव्हे. मध्यंतराला २-१ ने पुढे असलेला आर्जेन्टिना अखेर ४-२ ने हरला आणि पराभवाचे खापर मोन्तीच्या माथी फुटले.

पुढच्याच वर्षी तुरीनच्या युव्हेन्टस संघाचे बोलावणे आले. इटलीतील साखळी स्पर्धेत तेव्हा परदेशी खेळाडूंना बंदी होती. मात्र परदेशात जन्मलेला इटालियन बापाचा मुलगा इटालियनच मानला जाई. तिशीतला मोन्ती तेथे पोचला तेव्हा त्याचे शरीर सुटले होते. महिनाभर कसून मेहनत करून त्याने ते ताळ्यावर आणले आणि युव्हेन्टसने त्याच्यासह ओळीने चार वर्षे अजिंक्यपद राखले. नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याने इटलीच्या राष्ट्रीय संघाचा निळा सदरा चढविला.

या परतलेल्या पुत्रांविषयी कुरकुर झालीच. ज्यांना इटलीच्या सैन्यात जावे लागते त्यांना इटलीकडून खेळताही आले पाहिजे, असे संघाचे सूत्रधार व्हित्तोरियो पोत्सो यांचे म्हणणे होते. १९३४ ची स्पर्धा इटलीत भरली. उपान्त्य सामन्यात मोन्तीने ऑस्ट्रियाच्या कुशल झिंडेलारला डोके वर काढू दिले नाही. १० जूनला रोममध्ये, मुसोलिनीच्या देखत, इटलीने चेकोस्लोव्हाकियाला जादा वेळेत २-१ असे हरविले. बरोबरी साधणारा ओर्सीही आर्जेन्टिनाचाच. एका अंतिम सामन्यात जिंकण्याची भीती, दुसऱ्यात हरण्याची भीती, अशी मोन्तीची अवस्था झाल्याचे सांगतात.

त्याच नोव्हेंबरात लंडनच्या हायबरी मैदानावर इंग्लंडशी झालेल्या सामन्यात आरंभीच त्याच्या पायाचे हाड मोडले. बदली खेळाडूची सोय नव्हती. दहा जणांनिशी लढून इटली ३-२ ने हरली. मग १९३५ मध्ये अबिसीनियाच्या युद्धाची चाहूल लागली. सैन्यभरतीच्या धास्तीने त्याचा सहकारी ग्वाइता गुपचूप देश सोडून गेला. पोत्सोंच्या युक्तिवादाची दुसरी बाजू तेव्हा उघडी पडली. मोन्ती मात्र राहिला. खेळ संपल्यावर त्याने इटलीतच शिक्षकाचे काम केले आणि पुढे आर्जेन्टिनास परतला. ९ सप्टेंबर १९८३ रोजी तो निवर्तला.

आर्जेन्टिनाकडून १६ सामने, इटलीकडून १८. पूर्वजांचा देश आणि जन्माचा देश, दोघांनीही त्याला आपला म्हटले. पण ते बहुधा विजयाच्या दिवशीच.