लॉर्ड लिस्टर आणि गुडघ्याची वाटी

आज नागपुरात अशी कित्येक घरे आढळतील, की जेथील आजीबाईंच्या झिजलेल्या गुडघ्यात शस्त्रवैद्यांनी कृत्रिम सांधा बसविला आहे. शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी त्या आधार घेऊन चार पावले टाकतात, आणि घरच्या मंडळींना त्याचे फारसे नवल वाटत नाही. परंतु दीडशे वर्षांपूर्वी गुडघ्याचा सांधा उघडणे म्हणजे रोग्यास मृत्यूच्या दारी नेऊन बसविणे, असे मोठमोठे शस्त्रवैद्य मानीत. ही भीती ज्यांनी घालविली, त्या जोसेफ लिस्टर यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडननजीक अप्टन येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. परंतु त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रात महत्त्वाची सुधारणा केली होती, त्यामुळे डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूंची ओढ मुलास घरीच लागली. ज्या स्कॉटलंडातून हिस्लॉप साहेब १८४५ साली आपल्या नागपुरास आले, त्याच देशात लिस्टर १८५३ साली गेले. एडिंबरो येथील नामांकित शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्या हाताखाली त्यांनी काम केले व पुढे त्यांचे ते जावई झाले. पत्नी अ‍ॅग्नेस यांनी पतीच्या प्रयोगांची टिपणे वर्षानुवर्षे स्वहस्ते लिहून ठेविली.

१८६० साली लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. त्या काळी शस्त्रक्रिया उत्तम साधली तरी जखम चिघळे, तीत पू होई आणि रोगी दगावे. वाईट हवेमुळे असे होते, हा सर्वांचा समज. शस्त्रवैद्य रक्ताने कडक झालेला जुनाच अंगरखा घालून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जात! फ्रान्सचे पाश्चर यांचे जंतूंविषयीचे लेख वाचल्यावर जखम नासविणारेही जंतूच असले पाहिजेत, असे लिस्टर यांच्या मनाने घेतले. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. हाड मोडून कातडी फाटली होती. असा पाय बहुधा कापूनच टाकीत. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली, आणि सुमारे सहा आठवड्यांत तो मुलगा स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेला.

एका रोग्यावरून सिद्धांत होत नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी आपल्याच विभागातील अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. नवी रीत सुरू होण्यापूर्वी ३५ रोग्यांपैकी १६ मेले. १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी ६. हे आकडे तुलनेस तोकडे आहेत, हेही त्यांनीच लिहून ठेविले. आमच्या मते आकड्यांइतकीच ही कबुलीही मोलाची आहे.

१८७७ साली ते लंडनला आले. तेथील विद्वान मंडळींचा जंतूंवर विश्वास नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुडघ्याची वाटी दुभंगलेला एक मनुष्य त्यांच्या रुग्णालयात दाखल झाला. अशा वेळी पाय बांधून ठेवावा, वाटी वेडीवाकडी जुळली तर रोग्याने जन्मभर लंगडत राहावे, हाच रिवाज होता. लिस्टर यांनी धडधाकट माणसाचा सांधा उघडला, वाटीचे दोन्ही तुकडे रुप्याच्या तारेने एकत्र आवळले आणि आत साचणारा स्राव वाहून जाण्यास वाट ठेविली. हा रोगी मेला म्हणजे या डॉक्टरवर खटला भरला पाहिजे, असे एका नामवंत शस्त्रवैद्याने बोलून दाखविल्याचे सांगतात. रोगी मेला नाही. त्याचा गुडघा पुन्हा चालू लागला. १८८३ साली अशा सात रोग्यांची हकीकत लिस्टर यांनी लंडनच्या वैद्यकसभेपुढे मांडली, परंतु सोबत एक सक्त इशाराही दिला: आपल्या हातून जखमेत जंतू शिरणार नाहीत अशी ज्याच्या मनाची खात्री नसेल, त्यास असा सांधा उघडण्याचा अधिकार नाही.

तो इशारा किती खरा होता! १८९० साली बर्लिन येथे ग्लुक नावाच्या शस्त्रवैद्याने क्षयाने नासलेल्या गुडघ्याच्या जागी चक्क हस्तिदंती सांधा बसविला. रोगजंतूंपुढे तो टिकला नाही. त्याच वर्षी त्याच शहरात भरलेल्या वैद्यकपरिषदेत लिस्टर यांनी स्वतःचीही एक चूक पदरात घेतली. शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्याचा उपदेश ते कित्येक वर्षे करीत आले होते. तो व्यर्थ होता आणि आपणास त्याची लाज वाटते, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.

१८९३ साली अ‍ॅग्नेसबाई वारल्या. १८९७ साली लिस्टर यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर येथे त्यांचा देहान्त झाला. राष्ट्राच्या थोर पुरुषांस ज्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये पुरतात, तेथे त्यांच्यासाठी केवळ प्रार्थना झाली; त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत पत्नीशेजारी ठेवण्यात आला.