नकाशावरचे काळे डाग

रात्रीची गस्त कुठल्या भागात वाढवायची, हे अनेक शहरांतले पोलीस आज संगणकावरचा नकाशा पाहून ठरवतात. गुन्हा घडला तिथे टिंब द्यायचे आणि टिंबांची दाटी होईल तिथे नजर ठेवायची. या युक्तीचे मूळ शोधू गेले तर संगणक फार अलीकडचा ठरतो आणि गाठ पडते ती एका फ्रेंच वकिलाशी, आंद्रे-मिशेल गेरीशी.

गेरी १८०२ साली तूर गावी जन्मला. कायदा शिकून तो पॅरिसला वकिली करू लागला. त्याच सुमारास तिथल्या न्यायखात्याने देशभरच्या फौजदारी खटल्यांची आकडेवारी दरसाल छापायला सुरुवात केली होती. बँकेत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला एक ठाऊक असते : खतावणीतला सुटा आकडा मुका असतो, दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलू लागतो. गेरीने आकडे शेजारी शेजारी मांडले, तेही नकाशावर. १८२९ साली बाल्बी या भूगोलज्ञासह त्याने एकाच कागदावर फ्रान्सचे तीन नकाशे छापले. एक माणसांवरच्या गुन्ह्यांचा, दुसरा मालमत्तेवरच्या गुन्ह्यांचा आणि तिसरा शिक्षणाचा. जिथे स्थिती वाईट, तो जिल्हा गडद.

अडाणीपणातून गुन्हे उपजतात, शाळा काढल्या की तुरुंग ओस पडतील, अशी त्या काळच्या शहाण्यासुरत्यांची समजूत होती. ती खरी असती तर तिन्ही नकाशांत तेच जिल्हे काळे दिसले असते. तसे झाले नाही. खून-मारामाऱ्या दक्षिणेत अधिक निघाल्या, तर चोऱ्या शिकलेल्या उत्तरेत. १८३३ च्या ग्रंथात गेरीने हे तपशिलाने दाखवले. क्रूझ जिल्हा साक्षरतेत बराच मागे. पण माणसांवरचा एक गुन्हा तिथे सुमारे ३७,००० लोकांमागे पडे. कोर्सिका बेटावर लिहिता-वाचता येणारे क्रूझच्या जवळजवळ दुप्पट, तरी तिथे २,२०० लोकांमागेच एक! मालमत्तेच्या गुन्ह्यांत पहिला नंबर होता तो खुद्द पॅरिस ज्यात येते त्या सेन जिल्ह्याचा. शिवाय प्रत्येक भागातले गुन्ह्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे बदलत नव्हते.

पुढची तीसेक वर्षे तो याच कामात बुडालेला होता. इंग्लंड आणि फ्रान्सची तुलना करणारा त्याचा मोठा ग्रंथ १८६४ साली निघाला आणि १८६६ साली तो वारला.

गेरीचा नकाशा जिल्ह्यापाशी थांबला. पुढे गल्ली आणि घरक्रमांकापर्यंत मजल गेली. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराचा अभ्यास १८८९ नव्हे, पुरती शंभर वर्षे उलटून १९८९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की पोलिसांना येणारे निम्मे फोन शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून येतात. म्हणजे बदनाम वस्तीतलीही बहुतेक घरे शांतच असतात.

हे आपण विसरतो. अमुक वस्तीतला म्हटले की घर भाड्याने देताना हात आखडतो, मुलाला नोकरीवर ठेवताना कपाळाला आठी पडते. त्यातून गस्त जिथे जास्त, तिथे नोंदीही जास्त. म्हणजे काळा डाग आणखी काळा. गुन्हा कुठे नोंदला गेला एवढेच नकाशा सांगतो. तिथे राहणारा माणूस कसा आहे, हे त्याला विचारू नये. गरीब आणि अडाणी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जात होते, त्यांच्यावरचा आळ गेरीच्या पहिल्याच नकाशांनी सैल केला होता.