मलिक अंबर : गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा आणि भातवडीची लढाई



मध्ययुगाचा पाठ शिकवताना सुकापूरच्या आमच्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. दोन्हीकडे मुसलमान बादशहाच होते, मग ते आपसात का लढले? या प्रश्नाला बगल देऊ नका. उत्तरासाठी मलिक अंबर सांगा.

अंबरचा जन्म साधारण 1548 चा, आफ्रिकेतल्या हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियातला. पाळण्यातलं नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे निजामशाहीचा वजीर चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. हा वजीरही मूळचा हबशी गुलामच! मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि शिपाईगिरीतून वर चढला.

1600 मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असंच सगळे समजले. अंबरने मात्र राजघराण्यातल्या मुर्तजाला परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिलं नाही. चिडलेल्या जहांगीरने तर अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही.

आता 1624 सालाकडे या. विजापूरचा आदिलशहा मोगलांना जाऊन मिळाला. दोघांच्या फौजा अंबरच्या मागावर नगरजवळच्या भातवडीपर्यंत आल्या. अंबर तेव्हा पंचाहत्तरीचा. समोरासमोर भिडण्याऐवजी त्याने तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या वाटेवर पसरलं, चिखल झाला, तोफा नि जनावरं अडकली. रसद तुटली, त्यात रात्रीचे छापे. पावसाळ्यात गाढी नदीकाठचा चिखल तुडवलेल्या आपल्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

फळ्यावर दोन रकाने आखून नावं लिहा. अंबरकडून शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. मोगलांकडून लखुजी जाधव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे! धर्माप्रमाणे रकाने पाडता येत नाहीत, हे मुलांना आपणहून दिसतं. प्रश्न मुलखाचा, महसुलाचा आणि गादीचा होता. अंबर जिंकला, पण शरीफजी या लढाईत पडले. नातवंडांच्या गोष्टीतलं हे नाव आपण फार पटकन मागे टाकतो, असं मला वाटतं.

अंबर नुसता लढवय्या नव्हता. त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. जमीन मोजून प्रतीप्रमाणे सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढेही नावाजली गेली.

1626 मध्ये तो वारला. सात वर्षांत, 1633 ला, दौलताबादही मोगलांकडे गेलं.

यंदा सहल वेरूळला नेणार असाल तर गाडी थोडी खुलताबादला थांबवा. अंबरची कबर तिथेच आहे.